शुक्रवार, फोडणी आणि काकांचं घड्याळ

काका गेले तेही शुक्रवारी. मुद्दाम केलं असणार.

आमच्या भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. काकांचे लूम खाली, घर वर. आठवडाभर हवेत कापसाचे तंतू. केसांत, चहात, देवाच्या फोटोवर.

शुक्रवारी हवा जरा बरी. म्हणून काका त्याच दिवशी घड्याळ उघडायचे.

काकांना जुन्या क्रोनोग्राफचा नाद होता. म्हणजे ज्या मनगटी घड्याळात स्टॉपवॉच असतं आणि बाजूला दोन बटणं असतात, ते. कपाटात डबाभर होती.

वेळ मात्र मोबाईलवर बघायचे.

"डायल काय बघतेस? डायल लोकांना दाखवायला. मशीन बघ, मशीन!"

मागचं झाकण निघालं की ऑर्डर सुटायची, "श्वास रोखा!" आत वाफ जायला नको म्हणून. मग पाहुणे, जावई, एकदा तर मीटर रीडिंगवाला, सगळे गाल फुगवून उभे. टॉर्च धरायची ड्युटी माझी, कारण मी पुतणी आणि माझा हात हलत नाही.

आत एक इवलंसं चाक, त्यावर उभे खांब. बटण दाबलं की चाक जरासं फिरतं, एक नाजूक दांडी दोन खांबांच्या मधे पडते आणि मोठा सेकंदकाटा पळत सुटतो. काही घड्याळांत हेच काम साधी पत्र्याची पट्टी करते.

काकांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं. खांबवाली आणि पट्टीवाली.

माझ्यासाठी काल्हेरचं स्थळ आलं, तेव्हा म्हणाले, "पोरगा बरा हाय. पन पट्टीवाला हाय."

बोलणी तिथेच संपली. त्या बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही की आपलं नक्की काय चुकलं.

सगळ्या घराने मशीन बघितलं. फक्त काकीने नाही.

"एकदा बघ गो," काका दर शुक्रवारी म्हणायचे.

"खाली एवढ्या मशिनी खडखडतात, त्या काय कमी हायेत? आणि माझ्याच घरात मी श्वास घ्यायचा न्हाय?"

एवढं बोलून ती किचनमध्ये जायची आणि नेमकी तेव्हाच मिरचीची फोडणी द्यायची.

श्वास रोखलेली माणसं आणि मिरचीचा ठसका. विचार करा.

सगळे खोकत बाहेर पळायचे. काका एकटे, डोळ्यांतून पाणी, घड्याळावर रिकामा ग्लास पालथा घालून बसलेले. "दोन मिनिटं थांबता येत न्हाय तुला?"

"फोडणी कुनासाठी थांबत न्हाय."

तरी पुढच्या शुक्रवारी परत विचारायचे. बाकी कोणी बघितलं काय, नाही बघितलं काय, त्यांना फरक पडत नव्हता. त्यांना हिनेच बघायला हवं होतं.

"बघीन कधीतरी," ती म्हणायची.

मागच्या वर्षी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर वाकून तपासत होते आणि आम्ही सगळे सवयीने श्वास रोखून उभे. शेवटी काकीच ओरडली, "अरे, कुनीतरी काहीतरी बोला!"

आज वर्ष झालं.

काल शुक्रवार होता. काकीने स्वतः डबा काढला. त्यातलं सगळ्यात जुनं घड्याळ माझ्या हातात दिलं. "उघड."

मी झाकण काढलं, टॉर्च धरला. तिने भिंग डोळ्याला लावलं. मी काही सांगायच्या आत तिने श्वासही रोखला.

मी बटण दाबलं. चाक फिरलं, दांडी पडली, काटा सुटला.

ती बघत राहिली. इतका वेळ की मला भीती वाटली. "काकी, श्वास घे ना."

तिने तोंड बाजूला वळवून श्वास घेतला आणि परत वाकली.

"ह्ये एवढं बारीक हाय, ते सांगितलं का न्हाय मला?"

दर शुक्रवारी सांगायचे की. मी टॉर्च अजून जवळ धरला.

तेवढ्यात आत वहिनीने कढईत मिरच्या टाकल्याचा आवाज आला.

काकीने पटकन ग्लास पालथा घातला घड्याळावर आणि अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी ओरडली,

"गॅस बंद कर! झाकन उघडं हाय!"

काका, काकीने बघितलं.

फोडणीसुद्धा थांबली.

तुमच्या फोटोला नमस्कार करते.