समतोलापासून दूर, धामणगावमार्गे

परिषदेची फाइल उघडली तर कागद कमी अन् किस्से जास्त निघतात. पावत्या हरवतात, किस्से मेले हरवत नाहीत!

बाळंतपणाच्या रजेवरून आमच्या अमरावतीच्या कॉलेजात परतले, त्याच दिवशी मला भौतिकशास्त्राच्या परिषदेची संयोजक केलं. का? मीटिंगमध्ये 'नाही' म्हणायला मला धीर होत नाही. विषय : समतोलापासून दूर असलेले जटिल पदार्थ. दिल्लीची अट : निम्मा खर्च इथे जमल्याचं पत्र शुक्रवारपर्यंत द्या, नाहीतर अनुदान विसरा. झोप तशीही लेकीने उडवलीच होती.

*

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, हे नाव ऐकून कोण पैसे देईल? 'समतोल' ठेवा, 'दूर' काढा!"

मग उरलं काय, हे विचारायचंही धाडस झालं नाही.

*

राजापेठेतले क्लासवाले सर. "यावर परीक्षेत प्रश्न येतो का?"

"नाही."

"मग मुलांना पाठवत नाही. पण आमचं बॅनर लावा."

मी आशेने विचारलं, "बॅनरचे किती द्याल?"

"द्यायचे? मॅडम, छापूनही तुम्हीच घ्या!"

*

बुधवारी लेकीला कडेवर घेऊन एसटीने अकोट. कापसाच्या जिनिंगवाले काका दिलदार. "पाहुणे झोपतीन कशावर? चाळीस गाद्या आपल्याकडून!" देवळाच्या भंडाऱ्याला देतात तसं.

"काका, दिल्लीला रक्कम दाखवावी लागते."

"मंग गाद्या नको का?"

घेतल्या. मी 'नाही' कुठे म्हणते?

*

गुरुवार. धामणगाव रेल्वे. धान्याचे व्यापारी शेटजी. घाबरून मी पाठ केलेलं सगळं विसरले आणि समोरच्या तुरीच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "हा शांत दिसतो ना? पण वरून टाकत गेलं की एका मुठीला अचानक घसरतो. कोणत्या, ते कोणालाच सांगता येत नाही. त्यासाठीच परिषद."

म्हातारे हमाल भाऊराव ढिगावर तूर ओतत होते. लेक शेजारी बसून दाण्यांत हात घालत होती. भाऊराव थांबले. "बाई, पोरीले उचला."

उचलली. त्यांनी पुढची पाटी ओतली, अन् तूर घसरत माझ्या चपलांवर आली!

शेटजी म्हणाले, "काहून बाई, कोणालेच सांगता येत नाही म्हणता? निम्मा खर्च आपला, लिहून देतो पत्र. पण भाऊराव पयल्या रांगेत बसतीन!"

*

परिषदेत भाऊराव पहिल्याच रांगेत बसले. इस्त्रीचा सदरा, छातीवर पाहुण्यांचा बिल्ला. मंचावर बाहेरून आलेले प्राध्यापक टेबलावर वाळूचा ढीग रचत समीकरणं समजावत होते. लॅपटॉप ढिगाला लागूनच.

भाऊराव उभे राहिले. "साहेब, लॅपटॉप उचला."

प्राध्यापक हसले. "काका, अजून बराच वेळ आहे. हे गणित बघा..."

गणित मी बघितलं नाही. धावत जाऊन लॅपटॉप उचलला.