आजच्या तारखेचं पत्र

फोन आला तेव्हा चेन्नईत, एग्मोरच्या एका हॉटेलात चार जणांसमोर मी सेतुरावांचीच नक्कल करत होतो. मान तिरकी, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज वरच्या पट्टीत... पलीकडून त्यांची शेजारीण म्हणाली, "सार्, सेतुराव गेले. मुलीला तुम्हीच कळवा." माझा हात तसाच हवेत राहिला.

मैलापुरातल्या एका वकिलाच्या कचेरीत आम्ही वीस वर्षं शेजारी बसलो. ते तंजावरी, मी सोलापूरचा. माझं मराठी त्यांना उद्धट वाटे, त्यांचं मला दोनशे वर्षं जुनं. पत्रांचे नमुने संगणकावर त्यांनीच बसवले होते. फाइल उघडली की त्या दिवसाची तारीख आपोआप पडे, याचा त्यांना कोण अभिमान! एकदा जुन्या नोटिशीची प्रत काढली, तर तिच्यावरही आजचीच तारीख. साहेब कडाडले. सेतुराव शांत. "तारीख ताजी आहे, सार्. शिळी कोणाला हवी?" तेव्हापासून पाठवायच्या पत्राची तारीख ते आधी पक्की करत. न पाठवलेलं पत्र मात्र रोज नवं होत राही.

मुलीशी, मंजुळेशी, नऊ वर्षं अबोला. तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं, एवढाच गुन्हा. गेल्या दिवाळीला ती आवडी या उपनगरातल्या आपल्या घरून फराळ घेऊन आली, तर यांनी दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी मला छाती फुगवून सांगितलं. मी हसलो... हसायला नको होतं.

तेराव्यानंतर तिनं मला त्यांचा घरचा संगणक बघायला बोलावलं; त्यावरही त्यांनी कचेरीतलेच नमुने बसवले होते. 'मंजू' नावाची एक फाइल निघाली. वर आजचीच तारीख, खाली तमिळमध्ये दोन ओळी: "ये. मी घरीच आहे."

"काका, हे दिवाळीच्या आधीचं की नंतरचं?"

तिला तेवढंच हवं होतं. फाइल कधी तयार झाली ते पाहिलं, तर कुठल्याशा जुन्या नमुन्याचा दिवस. जुनं पत्र पुसून त्यातच नवं लिहायची त्यांची सवय. शेवटचा बदल कधीचा, ते बघायला मी फाइल बंद केली. बदल साठवायचे का, असं संगणकानं विचारलं. सवयीनं मी हो म्हटलं. झालं, तिथेही आजचाच दिवस.

"नंतरचं," मी म्हणालो. "पैजेवर सांगतो."

"खोटं बोलताना तुम्ही हात फार हलवता, काका."

संगणक ती आवडीला घेऊन गेली. कधी कधी सकाळी ती फाइल उघडते आणि मला फोन करते. "आजही घरीच आहेत," एवढंच म्हणते.