अंग धरलं

रहिमतपूरजवळच्या एका वस्तीवर रंगूबाई आणि तिची पाच वर्षांची नात क्रांती, दोघीच राहायच्या. मुलगा दिग्विजय फौजेत. सून पल्लवी पाचगणीला शाळेच्या वसतिगृहात मेट्रन. लोकांची चाळीस पोरं तिच्या ताब्यात आणि आपली एकुलती एक सासूच्या. सुट्टी मिळेल तशी पल्लवी येऊन जायची.

त्या माघात क्रांतीचे गाल वर आले. आयाबाया म्हणाल्या, "रंगूबाई, नातीनं अंग धरलं की." बाई खूश. शेरडीचं दूध लागू पडलं, असं तिनं चारचौघींत सांगितलं, वर मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्टही काढली. पोरीचे डोळे बारीक झाले तरी ही गालच बघत बसली. आता हिला काय म्हणावं?

सुट्टीला आलेल्या पल्लवीनं पोरीचं तोंड बघितलं आणि दोघींना तडक साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरनं क्रांतीच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळी तशीच राहिली.

"आजी, हे बाळसं नाही. सूज आहे. मूत्रपिंडाचा आजार आहे."

रंगूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारा दिवस ती खाटेजवळून हलली नाही. पोरीची लघवी मापात धरून नर्सला दाखवायची, अळणी भात भरवायची. पल्लवी तिच्याशी कामापुरतं बोलायची. घरी सोडलं त्या दिवशी मात्र म्हणाली, "आत्या, परत सूज आली तर मी हिला पाचगणीला न्हेणार. कायमची."

घरी रंगूबाईनं स्वतःच्या कालवणातलंही मीठ बंद केलं. पोरीसमोर चवीनं जेवायला तिला लाज वाटायची. डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं, गोळ्यांनी गाल वर येतील, त्याला भ्यायचं नाही, पण नडगीवर खळी पडली तर लगेच यायचं. म्हणून क्रांतीनं डोळे उघडले की आधी अंगठा, मग चहा. अडीच महिने खळी पडली नाही.

मग एका सोमवारी अंगठा रुतला. रंगूबाईनं दुसरा पाय दाबून बघितला. तिथंही तेच. ती खाली बसली. घरात तिसरं माणूस नव्हतं. एक-दोन दिवस गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? सूज आपसूक उतरेलही, असं तिनं मनाशी म्हणून बघितलं. पोर गेली तर ह्या घरात बोलायचं कुणाशी, शेरडांशी? तरी तिनं फोन लावला.

"पल्लवी, खळी पडली. मी हिला घिऊन साताऱ्याला निघते, तू तिकडंच ये. हिची कापडं संगं आणते. तिथनंच घिऊन जा तिला."



"आत्या, चाळीस पोरांच्या गडबडीत मला रोज हिचा पाय बघायला कवा व्हायचं? कापडं राहू द्या घरात. बरी झाली की ती तुमच्याकडंच येईल."

रंगूबाईला रडू फुटलं. तसंच डोळे पुसत तिनं क्रांतीच्या पायात चप्पल सरकवली. आठची एसटी गाठायची होती.