अमेरिकन नटानं शिकवलेली धार

काल टीव्हीवर एक म्हातारा अमेरिकन नट गेल्याची बातमी होती. तोंडावळा मी लगेच ओळखला.

माझ्या तरुणपणी एकदा नवरा फौजेतून सुट्टीवर आला होता. माझं बोट पिकलेलं, म्हणून धारेला तो बसायचा, आणि म्हैस त्याला लाथा मारायची. सकाळची धार तटली होती. सांगलीला डॉक्टरांना बोट दाखवलं, तिथून त्यानं मला इंग्रजी पिक्चरला नेलं.

पडद्यावर हा नट गाईखाली बसला. आधी तळवे चोळून ऊन केले, मगच कासेला हात लावला.

"बघा, ह्याला धार काढता येती," मी म्हणाले.

"आगं, सोंग हाय ते."

"मग तुमी बी करा की सोंग!"

संध्याकाळी घरी नवऱ्यानं तळवे चोळले. म्हैस गप उभी राहिली, बादली भरली.

तेव्हा मी नवऱ्याचं कौतुक केलं. खरं तर ते त्या नटाचं होतं.