थांबलेला अंगठा

हिरुकावा मिसाओ यांचं काम असं, की ते चांगलं झालं तर दिसत नाही. मुख्य चित्रकार हालचालीतली ठळक चित्रं काढतो: हात वर, हात खाली. त्या दोहोंच्या मधली चित्रं मिसाओ-सान काढतात. खालून उजेड येणाऱ्या काचेवर त्याचा कागद, त्यावर आपला कोरा, आणि मग त्याच्याच वळणाने पेन्सिल न्यायची. ओगिकुबोमध्ये तातामी चटया विणणाऱ्याच्या दुकानावर आमचा ॲनिमेशनचा स्टुडिओ होता. तिथली खिडकीजवळची जागा त्यांची. मी रंग विभागात, दोन टेबलं पलीकडे.

दुसऱ्यांच्या रेषा इतकी वर्षं गिरवल्यावर त्यांना रेषेवरून माणूस कळायचा. कागदांचा गठ्ठा आला की वरचं नाव न बघता त्या चार कागद बोटांत धरून फडफडवायच्या. "आज जेवला नाहीये हा," म्हणायच्या, किंवा "याने धूर काढला की भूक लागते, फ्लॉवरचा गड्डाच जणू." इवामोतो नावाच्या एका चित्रकाराच्या मुली पळायला लागण्याआधीच त्यांचे केस वळायचे. आणि कुशिदांच्या चित्रांत कापड माणसाच्या मागून यायचं. माणूस थांबला तरी बाही थांबायची नाही.

कुशिदा तेत्सुरो हे आमच्यातलं मोठं नाव. सपाता फरफटत चालायचे आणि मुळ्याचं लोणचं इतक्या आवाजात खायचे की पलीकडच्या खोलीत कळायचं. मिसाओ-सान तरुण असताना त्यांनी मुख्य चित्रकाराची परीक्षा दिली होती. एका मुलीला जिना उतरवायचा, एवढंच. कुशिदांनी कागद फडफडवले, लोणचं चावत.

"पाय माझे आहेत. केस इवामोतोचे. तू कुठे आहेस यात, हिरुकावा?"

सगळे हसले. त्याही हसल्या. पुन्हा परीक्षा दिली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "मला हातच नाही, लोकांचे आहेत," आणि पेन्सिलीला टोक करायला घ्यायच्या. ते वाक्य त्या थट्टेत बोलतात असं आम्हाला वाटायचं.

मग एका शरद ऋतूत कुशिदा आजारी पडले आणि त्यांचा उजवा हात निकामी झाला. टेबलावर त्यांचा अर्धा कट पडून होता. कट म्हणजे दृश्याचा एक तुकडा. एक विधुर ओसरीवर बसून वाळवायला टांगायची काकीची केशरी फळं सोलतोय, मागे मुलगी उभी आहे, ती घर सोडून जाते आहे म्हणून सांगते. सुरुवात झाली होती, शेवट झाला होता. मधली ठळक चित्रं नव्हती.

दिग्दर्शक वाकुई मिसाओ-सानपेक्षा बराच लहान. तो गठ्ठा घेऊन त्यांच्या टेबलाशी आला.

"तुम्हीच कराल का? त्यांचा हात तुमच्याइतका कुणाला माहीत नाही."

"माहीत आहे म्हणून काढता येतो असं नाही, वाकुई-कुन."

"सुशी खायला घालतो."

"तू? मागच्या वेळी भाताचे गोळे आणले होतेस. तेही कालचे."

पण कागद ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी त्या पिशवीभर काकी घेऊन आल्या आणि टेबलावर सोलत बसल्या. सालं आम्ही उचलली, फळं आम्हीच खाल्ली. कट पूर्ण झाला. वाकुईला जोड दिसला नाही. आम्हालाही नाही. नामावलीत मुख्य चित्रकारांत त्यांचं नाव घालू का, असं त्याने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कट कुशिदांचा आहे. मी फक्त मधलं भरलं, नेहमीसारखं."

मालिकेचा तो भाग प्रसारित झाला.

स्टेशनच्या मागे मोगामीचं कॉफीचं दुकान आहे. नामावलीत नावं येतात, पण कुठला कट कुणाचा हे लिहिलेलं नसतं. ते ओळखण्याचा मोगामीला नाद. काउंटरवरच्या छोट्या पडद्यावर तो एकच तुकडा पुन्हा पुन्हा लावतो आणि गिऱ्हाइकांशी वाद घालतो. आम्ही तिथे जायचो, पण कुठे काम करतो ते सांगायचो नाही. नाहीतर कॉफी पिऊ दिली नसती.

त्या दुपारी मिसाओ-सान आणि मी कोपऱ्यात बसलो होतो. पडद्यावर तो विधुर काकी सोलत होता.

"कुशिदाच," हागा म्हणाला. हा टॅक्सी चालवतो. "बाही बघ ना. डोळे मिटून सांगतो."

"बाही त्यांचीच. पण हे बघ." मोगामीने तुकडा मागे नेला. "अंगठा. सालीवर टेकतो आणि थांबतो. कुशिदा कधी थांबलेत?"

"वय झालं रे. दम लागला असेल."

"दम लागलेला माणूस असा थांबतो का? हा ऐकायला थांबलाय. मुलगी मागून बोलतेय, आणि याला वळून बघायचं नाहीये. हे दुसऱ्याच कुणाचं तरी आहे, हागा. कुणीतरी नवा पोरगा आलाय."

"तू आधी कॉफी कर. तुझा पोरगा येईपर्यंत माझी शिफ्ट लागेल."

मिसाओ-साननी कप खाली ठेवला. "पुन्हा लावता का जरा?"

"अरे! बाई, तुम्हालाही लागला का नाद?"

त्यांनी तो तुकडा तीनदा पाहिला. तोंडावरून काही कळलं नाही. परत येताना रस्त्यात एवढंच म्हणाल्या, "मी त्याला थांबवलं नव्हतं. काढताना तरी नाही." थोडं चालल्यावर स्वतःचा अंगठा तर्जनीवर टेकवून पाहिला.

वर आल्यावर सरळ वाकुईकडे गेल्या.

"डिस्क निघते तेव्हा नामावली दुरुस्त करतात ना?"

"करतात. का? कुणाचं नाव चुकलंय?"

"मुख्य चित्रकारांत माझं घाल. कुशिदांच्या खाली."

"तेव्हा तर नको म्हणालात."

"तिथे अंगठा थांबतो. कुशिदा-सान थांबले नसते. ते त्यांच्या नावावर राहायला नको."

वाकुईने कुशिदांच्या घरी फोन लावला. त्यांच्या परवानगीशिवाय नावाला हात लावायची आमच्यात पद्धत नाही. फोन बराच वेळ चालला. ठेवल्यावर तो म्हणाला, "अंगठा थांबलेला त्यांनाही दिसला होता. औषधामुळे आपल्याला तसं दिसतंय असं वाटलं म्हणाले." मग जरा अडखळला. "नाव घाल म्हणाले. आणि अंगठा राहू दे. थांबू दे."

मिसाओ-साननी मान डोलावली आणि खिडकीजवळ जाऊन बसल्या. दुसऱ्या कुणाचातरी गठ्ठा येऊन पडला होता. नाव न बघता त्यांनी चार कागद फडफडवले.

डिस्क वसंतात निघाली. मोगामीने ती पहिल्याच दिवशी घेतली, नामावलीवर थांबवली आणि हिरुकावा मिसाओ हे नाव आम्हाला वाचून दाखवलं. पोरगा नसून बाई निघाली, याचं हागाला फार हसू आलं. या बाईचे आणखी कट कुठे आहेत, हे मोगामी अजून शोधतो आहे. मागच्या आठवड्यात कॉफी ठेवताना मिसाओ-साननाच विचारत होता, तुमच्या बघण्यात काही आलं का.

"अजून नाही," त्या म्हणाल्या आणि साखर मागितली.