उजवी पाकळी

गेल्या महिन्यात कामथडीच्या शाळेत मी माईकवर एक घोळ घातला.

गुणगौरवाचा कार्यक्रम होता. प्रमुख पाहुणी म्हणून आमच्या मनूला बोलावलेलं, आणि हेडमास्तरांना काय सुचलं कोण जाणे, पाहुण्यांची ओळख करून द्यायला त्यांनी मलाच उभं केलं. बापाच्या हातात माईक देणं ही त्यांची चूक. पुढची माझी. मी घसा साफ केला, शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणालो, "आमची मानसी. लहान मुलांची डॉक्टर!"

मनू लहान मुलांची डॉक्टर नाही. ती भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या आधी माणसाला भूल देते आणि नंतर नीट शुद्धीवर आणते. पण माईकवरून गेलेलं परत घेता येतं का? आभार मानून होईपर्यंत स्टेजपाशी आयांची रांग लागली होती. कुणाच्या पोराला खोकला, कुणाचं जेवत नाही, कुणाचं नुसतंच रडतंय. मनूनं एकदा माझ्याकडे बघितलं, हसली, आणि स्टेजच्या कडेला पाय सोडून बसली. एकेकाला तपासत राहिली. एक पोरगं भोकाड पसरून आलं होतं. तिनं त्याच्या नाकावर बोट ठेवून विचारलं, "हे बटन कुणाचं रे? दाबलं की लाईट लागते का?" पोरगं रडायचं विसरलं.

सगळे हसत होते. मीही हसलो. पण माझ्या तोंडून ते का निघालं, हे त्या पटांगणात फक्त मला माहीत होतं.

आणि ते मी कधी, कुणालाही सांगितलेलं नाही. म्हणजे त्या दिवसापर्यंत तरी नव्हतं. आता तुम्हाला सांगतो. जरा आडवळणानं सांगेन, सवय आहे; पण सांगेन.

माझं शिवऱ्याला हायवेच्या कडेला मोटार वायंडिंगचं दुकान आहे. शेतातले जळालेले पंप माझ्याकडे येतात, मी तार गुंडाळून त्यांना पुन्हा उभं करतो. मनू आमची एकुलती एक. ती एमबीबीएस झाली तेव्हा दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला मी पंपाचं सोडून हेच आधी सांगायचो. सुनंदा, आमची मंडळी, म्हणायची, "अहो, त्यांच्या उसाला पानी न्हाई, तुमी त्यान्ला काय सांगताय!"

मग मनूनं पुढच्या शिक्षणाची परीक्षा दिली. ज्यांच्या घरात कुणी डॉक्टर नाही त्यांना एवढंच सांगतो की या परीक्षेत पास होऊन भागत नाही. कुठल्या गावात, कुठल्या ब्रँचला जायचं त्याचा पसंतीक्रम कॉम्प्युटरवर भरायचा असतो. जे वर टाकाल ते आधी बघितलं जातं. मिळालं, तर खालचं संपलं. मग पुढची तीन वर्षं तिथंच, आणि बहुतेक सगळा जन्म त्याच कामात.

मनूला लहान मुलांचं करायचं होतं. कधीपासून म्हणाल, तर शाळेत असल्यापासून. पण तिच्या नंबराला पुण्यात ते मिळणार नव्हतं. चंद्रपूरला मिळण्यासारखं होतं. पुण्यात मिळण्यासारखं होतं ते भुलीचं. म्हणजे प्रश्न एवढाच होता: वर काय टाकायचं? चंद्रपूर आणि पोरं, की पुणं आणि भूल?

आता माझ्याबद्दल. मी सुधारलेला बाप आहे, असं माझं मत होतं. मित्रांच्यात मी मोठ्यानं सांगायचो, "आपण पोरीच्या मधे पडत नाही." मनूनं त्या आठवड्यात मला कितीदा तरी विचारलं असेल, "पप्पा, तुम्हाला काय वाटतं?" आणि मी दर वेळी स्क्रू ड्रायव्हर फिरवत म्हणालो, "तुझं तू ठरव बाळा. आमचं काही म्हणणं नाही."

आमचं म्हणणं होतं की हो! मला ती लांब जायला नको होती. चंद्रपूर म्हणजे रात्रभराचा प्रवास, तिकडचा उन्हाळा, एकटी पोरगी... ही कारणं मी स्वतःला सांगायचो. खरं कारण त्याहून साधं आणि त्याहून लाजिरवाणं होतं. रविवारी ती पुण्याहून घरी यायची, माझ्या ताटातलं कालवण ओढून घ्यायची आणि "पप्पा, पोट बघा किती सुटलंय" म्हणून माझी टर उडवायची. मला ते रविवार हवे होते. बस. एवढ्यासाठी. आणि हे तिच्या तोंडावर म्हणायची माझी छाती नव्हती. म्हटलं असतं तर मी सुधारलेला बाप कसा राहिलो असतो?

आमचं मूळ गाव नसरापूरवरून वेल्ह्याच्या रस्त्याला, डोंगराच्या कुशीत. तिथं आमची थोरली बहीण असते, आक्का. फॉर्म लॉक करायचा दिवस जवळ आला, मनूचं काही ठरेना. जेवण तुटलं होतं तिचं. आक्कानं फोनवरून हुकूम सोडला, "दिल्या, पोरीला घिऊन ये. आईला कौल लावू."

आमच्याकडं विहीर खणायची असो की सोयरीक जुळवायची, गावदेवीला कौल लावल्याशिवाय पान हलत नाही. देवीच्या उजव्या खांद्याला एक पाकळी आणि डाव्या खांद्याला एक, पाण्यानं चिकटवायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मला वाटलं, मनू हसून उडवून लावेल. एवढी शिकलेली. पण ती म्हणाली, "चला पप्पा. मी दमलेय. कुणीतरी सांगा एकदाचं."

कुणीतरी सांगा. मी समोर बसलो होतो. मी नाही सांगितलं.

देवळात गेलो. तात्या गुरवांचं तेव्हा डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, हिरवा चष्मा लावून बसलेले. मला म्हणाले, "मला काय दिसत न्हाई नीट. पाकळ्या तूच लाव. लेकीनं लांब जावं का, ह्ये गाऱ्हानं म्या घालतो." निवदाची वाटी माझ्याच हातात होती, गूळखोबऱ्याची.

इथं मला थांबावंसं वाटतंय. जरा चहा पिऊन येतो म्हणावं आणि येऊच नये, असं.

माझं बोट गुळानं चिकट झालं होतं. इतकी वर्षं मी मनातल्या मनात असंच म्हणत आलो: बोट चिकट होतं, चुकून लागलं असेल. पण खांद्यावर टॉवेल होता माझ्या. पुसता आलं असतं ना? बरं, तेही राहू द्या. डावी पाकळी लावताना मी ते बोट स्वच्छ धुतलं. तांब्यात बुडवून, नुसत्या पाण्यानं लावली. आणि उजवी लावायच्या आधी अंगठा पुन्हा वाटीत घातला. सगळे डोळे मिटून होते. उजवी पाकळी मी गुळानं चिकटवली. दाबून. वायंडिंगवाल्याचा अंगठा आहे, काय दाबलं असेल बघा.

तात्या हात जोडून म्हणाले, "आई, लेक लांब निगालीया. जाऊ देत असशील तर उजवी दे. न्हाईतर डावी दे."

आम्ही बसलो. बाहेर बकऱ्या ओरडत होत्या. मनू मूर्तीकडे बघत होती. सांगू का, ती उजव्या खांद्याकडे बघत होती. डोळे हलवत नव्हती. शाळेत असताना रिझल्टच्या दिवशी बसायची तशी, हाताची घडी घालून. तिला काय हवंय हे त्याच वेळी मला स्वच्छ कळलं. अजून वेळ होता. उठून म्हणता आलं असतं की थांबा, माझं चुकलं, परत लावू. मी उठलो नाही.

डावी पाकळी सुकली आणि पडली.

"न्हाई म्हनती आई," आक्का म्हणाली आणि तिनं मनूच्या डोक्यावरून हात फिरवला. "हितंच ऱ्हा म्हनती."

मनूनं एक मोठा श्वास सोडला. मग हसली. "बरं झालं. सुटले," म्हणाली. परतताना ती गाडीवर माझ्यामागं बसली होती. मी एकटाच बडबडत होतो, पुण्यात कसं सोयीचं, मेस कशी चांगली.

दुसऱ्या दिवशी तात्यांचा फोन. "दिलीप, आरं देवीच्या खांद्याला ह्या मुंग्या लागल्यात! निवद कुनी सांडला रं?" मी म्हणालो, "उंदीर असतील तात्या." देवीपुढं खोटं केलं ते केलंच, वर उंदरावर आळ घेतला. तात्या बिचारे पिंजरा शोधायला लागले.

अलॉटमेंट लागली तो दिवस मला लख्ख आठवतो. दुकानात मनू, तिची मैत्रीण रुबीना आणि मी, तिघंही एका मोबाईलवर वाकलेलो. रुबीना भोरची, मनूच्याच बॅचची, नंबर मनूच्या खाली. नावं सरकवत सरकवत मनूचं नाव आलं. पुणे. भूलशास्त्र. मी पेढ्यांचा पुडा आधीच आणून ठेवला होता, मला खात्री असणारच की! मग खाली रुबीनाचं नाव. चंद्रपूर. लहान मुलांचं. रुबीना किंचाळली, आणि मनूनं तिला कडकडून मिठी मारली. तिच्या खांद्यावरून मनूचा चेहरा मला दिसत होता. रुबीनाला दिसत नव्हता. तो चेहरा मी पाहिलाय, आणि तरी त्यानंतर मी पेढा मोडून तिच्या तोंडात घातला.

मग रविवार मिळाले का? मिळाले, काही. रेसिडेन्सीवाल्यांना सुट्टी कसली; ती यायची ती झोपायला. पण आली, की माझ्या ताटातलं कालवण ओढायची. मी सुखात होतो, हे लपवणार नाही. आणि मनूही कामात हुशार निघाली. "पप्पा, तुमच्या गोष्टी ऐकून माणसं झोपतात, मला औषध वापरावं लागतं," म्हणायची. लोक म्हणतात, मग बिघडलं काय? चांगलीच डॉक्टर झाली की.

बिघडलं ते असं. ईदला रुबीना घरी यायची तेव्हा मनू तिच्याकडे भोरला जायची. एकदा मी तिला न्यायला गेलो. शीरखुर्म्याच्या वाट्या पुढ्यात होत्या आणि रुबीना सांगत होती, तळहाताएवढं एक बाळ, श्वास घेत नव्हतं, ती त्याच्या पाठीला चोळत राहिली, आणि ते रडलं. मनूच्या वाटीतलं तसंच निवत होतं. ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "मग? मग तू काय केलंस? किती वजन होतं त्याचं?" कुणी आपल्या सोडून आलेल्या गावाची हालहवाल विचारावी तसं. निघताना म्हणाली, "पप्पा, रुबीना नशीबवान आहे हं." हेवा नव्हता त्यात. हेवा असता तर मला बरं वाटलं असतं.

नशीब! मी गाडीला किक मारली.

तर असं. देवीपुढं लबाडी केली याचं मला फार वाटत नाही; देवी मोठी आहे, तिनं माझ्यासारखे पुष्कळ पाहिले असतील. मला वाटतं ते हे, की ज्या पोरीनं मला सरळ विचारलं होतं, तिला मी सरळ उत्तर दिलं नाही. माझा हट्ट मी देवीच्या नावावर खपवला. आणि वर मोठ्या मनाचा बाप म्हणून मिरवलो. अजून लोक म्हणतात, "दिलीपनं पोरीला मनासारखं शिकू दिलं." मी मान हलवतो.

हे तुमच्या हाती पडेल त्याच्या आधी मी मनूला सांगितलेलं असेल. समोर बसून. तिनं काय म्हणावं ते मी ठरवणार नाही. एकदा ठरवलं तेवढं बास झालं.

सुनंदाला मात्र कामथडीच्या दुसऱ्या दिवशीच सांगितलं. ती अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत होती. मी गुळापासून उंदरापर्यंत सगळं सांगितलं. मला वाटलं होतं चिडेल, देवीला नारळ बोलायला लावेल. ती सोलत राहिली. मग हातातली शेंग तशीच धरून म्हणाली, "तुमी तोंडानं नको म्हनाला असता, तर ती तुमच्यासंगं भांडून गेली असती वो. देवीसंगं कशी भांडनार व्हती ती?"