मुंबईबाहेर न्यायचं नाही

२०२४ सालचा मे महिना, ऐन वैशाख. तेव्हा आमची केस संपली. बारा वर्षं कोर्टाच्या बाकावर बसलं की किस्से साठतातच. विचारलंत म्हणून सांगतो.

मुलगा-सून गेले तेव्हा नात सुप्रिया सहा वर्षांची. कोर्टाने मला तिचा पालक नेमायचं होतं. जजसाहेबांनी विचारलं, "शिक्षण?"

"चौथी."

"मग हिला शिकवणार कसं?"

"मी कशाला? शाळा शिकवेल!"

नेमलं, आणि दर सहा महिन्यांनी तारखेला मुलीची खुशाली सांगायला बोलावलं. अट एकच. कोर्टाला विचारल्याशिवाय मुलीला मुंबईबाहेर न्यायचं नाही.

*

एकदा गणपतीला कणकवलीला न्यायचं होतं. अर्ज मीच उशिरा दिला. परवानगी मिळाली तोवर विसर्जन झालेलं!

सुप्री म्हणाली, "आबा, देवाला पण पुढची तारीख दिली काय रे?"

*

तिची मैत्रीण गोराईची. घरी जेवायला बोलावलं. भांडुपहून बोरिवलीच्या जेटीवर गेलो. समोर पाणी, पाण्यात बोट. मी थबकलो. आमच्या वकीलबाईंना फोन लावला, "खाडीपलीकडे न्यायला परवानगी लागते?"

"आजोबा, गोराई मुंबईतच आहे!"

तोवर बोट सुटली, आणि ओहोटीमुळे पुढची थेट संध्याकाळी. सुप्री दोन दिवस बोलली नाही.

*

ती अठराची झाली. जजसाहेब म्हणाले, "आजपासून मुलीवर कोर्टाचा अधिकार नाही. पालक म्हणून तुमचाही संपला."

"मग पुढची तारीख?"

"तारीख नाही, आजोबा. संपलं."

बाहेर पुकारा करणारा शिपाई हसला, "सुटलात! चला, चहा घेऊ."

"मला नको," म्हटलं.

*

सुप्रीला रत्नागिरीला नर्सिंगला जागा मिळाली. बॅग भरून दारात उभी राहिली. "आबा, जाऊ ना?"

"मला काय विचारतेस? कोर्टाने सांगितलं ना, माझा अधिकार नाही!"

माझी जीभ अशीच. ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक मारली, "सुप्रे, ऊठ!" शेजारीण दारात आली. "आजोबा, ती नाहीये ना!"

"माहीत आहे," म्हटलं आणि दार लावलं.

*

पंधरा दिवस तिचा फोन नाही. मीही केला नाही. मग हॉस्टेलच्या मॅडमचा आला.

"तुमच्या नातीने फॉर्ममध्ये लोकल गार्डियन म्हणून तुमचं नाव लिहिलंय. तीनदा सांगितलं, दुसरं लिही. ऐकत नाही. लोकल म्हणजे रत्नागिरीत राहणारा लागतो, आजोबा. भांडुप चालत नाही. नाव खोडू ना?"

"खोडू नका," म्हटलं. "आठ दिवसांत रत्नागिरीचा पत्ता देतो."